पायऱ्या गाळू नका

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीचा फोन आला तेव्हा विषय आधीच ठरला होता. "तू कॉम्प्युटरवाली आहेस, त्या एआयबद्दल बोल. पण आम्हाला कळेल असं बोल." विषय सोपा आहे, अट अवघड आहे. प्रयत्न करते.

आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर या विषयाचे दोन प्रकारचे मेसेज फिरतात. एकात लिहिलेलं असतं की आता सगळ्यांच्या नोकऱ्या जाणार, मुलांना इंजिनिअरिंगला घालू नका. दुसऱ्यात असतं की सहा महिन्यांचा एआयचा कोर्स करा आणि पंचवीस लाखांचं पॅकेज घ्या. दोन्ही मेसेज पाठवणारे आज इथे समोर बसलेत. मी नावं घेत नाही. गंमत म्हणजे काही जणांनी दोन्ही मेसेज एकाच दिवशी पाठवलेत.

मी वीस-बावीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे. श्रीपूरहून सोलापूरला इंजिनिअरिंगला गेले, तिथून पुण्याला नोकरीला. आज माझं काम बँकांच्या सॉफ्टवेअरचा आराखडा करण्याचं आणि तरुण मुलामुलींचं काम तपासण्याचं आहे. माझ्या क्षेत्रात गेल्या तीन वर्षांत जे बदललं, तेवढं आधीच्या पंधरा वर्षांत बदललं नव्हतं. त्यातलं मला एकच सांगायचंय. प्रोग्राम लिहिणं आता स्वस्त झालंय. लिहिलेला प्रोग्राम बरोबर आहे की चूक, हे ओळखणं मात्र तितकंच महाग आहे. आणि ते ओळखायला माणूस ज्या पायरीवर बसून शिकतो, ती पहिली पायरीच हलायला लागली आहे. आपल्यासारखी गावाकडची, मराठी शाळेतली मुलं त्याच पायरीवरून वर गेली. म्हणून हा विषय आपल्या घरातला आहे.

सुरुवात आपल्या कारखान्यापासून करते, कारण यंत्र आलं की काय होतं हे श्रीपूरला कोणी बाहेरून येऊन शिकवायची गरज नाही. 1934 साली चंद्रशेखर आगाशे यांनी बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट स्थापन केली, आणि तिच्या कारखान्याभोवती हे गाव वाढलं. आपल्यापैकी निम्म्यांचे वडील कारखान्यात होते. कोणी फिटर, कोणी वजनकाट्यावर, कोणी शेतकी खात्यात. माझे वडील पॅनवर होते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. उसाचा रस आटवून झालेला पाक पॅनमध्ये शिजवतात आणि तिथे साखरेचा दाणा धरतो. पॅनमन मधूनच नमुना काढायचा, काचेच्या पट्टीवर पसरायचा, बोटाने चोळायचा, दिव्यासमोर धरून बघायचा. दाणा कसा धरलाय, बारीक भुगा पडतोय का, पाणी द्यायचं की पाक ओढायचा, हे तो तिथल्या तिथे ठरवायचा. हे कुठल्या पुस्तकात वाचून येत नव्हतं. आधी दोन-तीन हंगाम जुन्या पॅनमनच्या हाताखाली काढावे लागायचे.

पुढे साखर कारखान्यांत मीटर आले, पाक किती घट्ट झाला ते आकड्यांत दिसायला लागलं, मग झडपा आपोआप उघडझाप करायला लागल्या. पॅनमनची संख्या कमी झाली, हे खरंच आहे. पण मीटर बिघडून खोटा आकडा दाखवायला लागलं की कारखाना कोणाला हाक मारतो? ज्याने काचेच्या पट्टीवर दाणा पाहिलेला असतो त्याला. आता प्रश्न असा की सगळं मीटरच बघणार असेल, तर पट्टीवरचा दाणा ओळखणारा नवा माणूस तयार कुठे होणार? सॉफ्टवेअरमध्ये आज नेमका हाच प्रश्न उभा आहे.

आता थोडं मागे जाऊ. पहिल्या संगणकांना आज्ञा द्यायच्या तर यंत्राच्याच भाषेत, आकड्यांमध्ये द्याव्या लागत. 1957 मध्ये आयबीएमने फोरट्रॅन ही भाषा आणली. गणिताच्या सूत्रासारखं लिहायचं, त्याचं यंत्राच्या भाषेत रूपांतर दुसरा प्रोग्राम करणार. त्यानंतर दोन-तीन वर्षांतच कोबोल आली. तिच्यातली वाक्यं इंग्रजीसारखी होती, म्हणजे हिशेब खात्यातल्या माणसालाही वाचता यावीत. दर वेळी लोकांना वाटलं की आता प्रोग्रामर लागणार नाहीत. झालं उलटंच. लिहिणं सोपं झालं तसं काम वाढलं, कारण आधी ज्या कामांसाठी संगणक परवडत नव्हता तिथेही तो पोहोचला.

पुण्यात ही गोष्ट आपल्या डोळ्यांसमोर घडली. 1981 मध्ये टीसीएसने पुण्यात टीआरडीडीसी हे संशोधन केंद्र सुरू केलं. 1988 मध्ये सी-डॅक आलं, आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली 1991 मध्ये तिथे परम महासंगणक तयार झाला. संगणकावर देवनागरी लिहिता यावी म्हणून सी-डॅकच्या जिस्ट प्रकल्पातही मोठं काम झालं. 1990 मध्ये आनंद देशपांडे यांनी पर्सिस्टंट सुरू केली. मग वायटूके आलं. जुन्या प्रोग्राममध्ये सालाचे फक्त शेवटचे दोन आकडे लिहिलेले, त्यामुळे 2000 साल उजाडलं की संगणक ते 1900 समजणार, अशी भीती होती. ते तपासायला हजारो माणसं लागली आणि भारतीय कंपन्यांना परदेशी कामाची दारं उघडली. हिंजवडीच्या माळावर इमारती उभ्या राहिल्या, आणि रविवारी रात्री अकलूजहून पुण्याला जाणारी एसटी आपल्या पोरापोरींनी भरायला लागली.

या उद्योगाची रचना कशी होती तेही सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. खाली रुंद, वर निमुळती अशी ती होती. खाली कॉलेजातून नुकती आलेली शेकडो मुलं, त्यांच्या वर काही अनुभवी, सगळ्यांत वर मोजके तज्ज्ञ. परदेशी ग्राहक माणसं आणि तास मोजून पैसे देणार. खालच्या मुलांना किरकोळ कामं मिळायची. कुठे एखादी चूक दुरुस्त करायची, कुठे अहवालात एक रकाना वाढवायचा, कुठे दुसऱ्याने लिहिलेला प्रोग्राम चालवून बघायचा. मीही तिथूनच सुरुवात केली. पहिल्या वर्षी मला एका बिलाच्या प्रोग्राममधली चूक शोधायला दिली. ती सापडायला तीन आठवडे लागले. दुरुस्ती निघाली दोन ओळींची. पण त्या तीन आठवड्यांत मी तो अख्खा प्रोग्राम वाचला, आणि कोणत्या ओळीवर विश्वास ठेवायचा नाही हे शिकले. कंपनीच्या हिशेबात ते दोन ओळींचं काम होतं. माझ्यासाठी ती शाळा होती.

आता नवं काय आलं ते बघू. 2017 मध्ये गुगलमधल्या आठ संशोधकांनी एक निबंध लिहिला आणि त्यात ट्रान्सफॉर्मर नावाची रचना मांडली. आजचं जवळजवळ सगळं एआय तिच्यावर उभं आहे. त्या आठ जणांत निकी परमार ही एक आहे. तिचं इंजिनिअरिंग पुण्यातल्या पीआयसीटीत झालं. 2021 मध्ये कोपायलट हे प्रोग्राम लिहायला मदत करणारं साधन आलं, आणि 30 नोव्हेंबर 2022 ला चॅटजीपीटी. त्यानंतरचं तुम्ही पाहताच आहात.

हे चालतं कसं? शिक्षकांना एका वाक्यात सांगता येईल. आपल्या प्रश्नपत्रिकेत पहिला प्रश्न असायचा, 'गाळलेल्या जागा भरा'. जगभरचा मजकूर आणि जगभरचे प्रोग्राम वाचून तयार झालेला, गाळलेल्या जागा भरण्यात अतिशय पटाईत असा हा विद्यार्थी आहे. आधीचा मजकूर बघायचा, पुढे कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त आहे ते ठरवायचं, तो लिहायचा, मग त्याच्या पुढचा. हे इतक्या मोठ्या प्रमाणावर केलं की त्यातून निबंध तयार होतो आणि प्रोग्रामही तयार होतो. एक खोड मात्र आहे. हा विद्यार्थी जागा सहसा कोरी सोडत नाही. येत नसलं तरी लिहितो, आणि इतक्या सुवाच्य अक्षरात लिहितो की तपासणाऱ्याला ते खरंच वाटावं. असे विद्यार्थी आपल्याही वर्गात होते. फरक इतकाच की त्यांना गुण देताना सर फसायचे नाहीत.

माझ्या ऑफिसातलं एक उदाहरण देते. ग्राहकाचं नाव सांगत नाही. पीककर्जाचं काम होतं. कोणत्या खात्याची परतफेडीची मुदत संपली आणि कोण थकबाकीदार झालं, याची यादी प्रोग्रामने काढायची होती. पूर्वी हे काम दोन जणांना आठ-दहा दिवस पुरलं असतं. एआयने ते एका दुपारीत लिहिलं. नुसतं लिहिलं नाही, तपासण्याचे प्रोग्रामही त्यानेच लिहिले, आणि सगळ्या तपासण्या पास. पडद्यावर हिरव्या खुणांची रांग.

आमच्या टीममध्ये करमाळा तालुक्यातली एक मुलगी आहे, नोकरीचं दुसरंच वर्ष. तिने विचारलं, "मॅडम, यात कर्ज दिल्यापासून एक वर्ष धरलंय. पण ऊस आडसाली असेल तर?" इथे बसलेल्या प्रत्येकाला कळलं असेल ती काय म्हणत होती. आडसाली ऊस जुलै-ऑगस्टमध्ये लावला की तुटायला सोळा-अठरा महिने जातात. वर्षाची मुदत सरसकट लावली तर ऊस शेतात उभा असतानाच शेतकरी थकबाकीदार म्हणून यादीत आला असता, आणि पुढच्या कर्जाला अडला असता. मुदत पिकाशी जोडायची असते, हे आम्ही दिलेल्या कागदात एका ओळीत होतं. पण एआयने 'कर्ज' आणि 'मुदत' हे शब्द पाहिले आणि जगात सगळीकडे दिसतं तसं एक वर्ष लिहिलं. तपासण्याही त्याच समजुतीवर लिहिल्या होत्या. ज्याने पेपर लिहिला त्यानेच तो तपासला, मग शंभरपैकी शंभर पडणारच.

ती चूक पकडायला त्या मुलीला फार मोठं तंत्रज्ञान लागलं नाही. तिच्या घरी विकास सोसायटीचं कर्ज आहे आणि शेतात ऊस आहे. आणि तिला इतरांचा प्रोग्राम ओळ न् ओळ वाचायची सवय आहे. या दोन गोष्टी एकत्र आल्या म्हणून चूक सापडली.

एआयमुळे काम खरंच लवकर होतं का, यावर दोन प्रयोगांचे निकाल सांगते, कारण दोन्ही खरे आहेत. पहिला गिटहबच्या कोपायलटवरचा. सगळ्यांना एकच छोटा, नवा प्रोग्राम लिहायला दिला. ज्यांच्याकडे एआय होतं त्यांना सुमारे 56 टक्के कमी वेळ लागला. दुसरा 2025 मधला, मेटर या संस्थेचा. सोळा अनुभवी प्रोग्रामर घेतले आणि त्यांना त्यांच्याच ओळखीच्या, मोठ्या, जुन्या प्रकल्पांतली कामं दिली. एआय वापरताना त्यांना 19 टक्के जास्त वेळ लागला. आणि गंमत पुढेच आहे. काम संपल्यावर त्यांना विचारलं, तर त्यांना वाटत होतं की आपला वेळ 20 टक्के वाचला.

कारखान्याच्या भाषेत सांगायचं तर मोकळ्या जागेत नवी शेड उभारणं वेगळं आणि गळीत हंगाम चालू असताना पाइप बदलणं वेगळं. जगातलं बरंचसं सॉफ्टवेअर हा चालू हंगाम आहे. बँका, रेल्वे, विजेची बिलं, सगळं जुनं आहे आणि एका क्षणासाठीही थांबवता येत नाही. ही साधनं दर काही महिन्यांनी सुधारतात, त्यामुळे आजचा आकडा उद्या राहणार नाही. पण 'मला वाटतं मी वेगाने काम केलं' या भावनेवर विसंबू नये, एवढं त्या प्रयोगातून घ्यायला हरकत नाही.

आता पायरीकडे येते. एआयला सगळ्यांत चांगली जमतात ती नेमकी तीच किरकोळ कामं, जी पूर्वी नव्या मुलांना मिळायची. चूक दुरुस्त कर, रकाना वाढव, चालवून बघ. मग कंपनी हिशेब मांडते की नवी दहा मुलं घेण्याऐवजी तीन घेऊ. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी ऑगस्ट 2025 मध्ये पगारपत्रकांच्या नोंदी तपासून एक अहवाल दिला. 22 ते 25 वयाच्या सॉफ्टवेअर डेव्हलपरांची संख्या 2022 च्या अखेरीला सर्वाधिक होती, ती जुलै 2025 पर्यंत जवळपास 20 टक्क्यांनी घटली होती. वयाने मोठ्या, अनुभवी लोकांची तशी घटली नव्हती. हे आकडे तिकडचे आहेत, पण आपला उद्योग तिकडच्या कामावरच चालतो.

आपल्याकडे जुलै 2025 मध्ये टीसीएसने सुमारे 2 टक्के, म्हणजे 12 हजारांहून अधिक कर्मचारी कमी करत असल्याचं जाहीर केलं. त्यात मुख्यतः मधल्या आणि वरच्या स्तरावरचे लोक होते. एआयमुळे काम वाचलं म्हणून ही कपात नाही, कौशल्यांचा मेळ बसत नाही म्हणून आहे, असं कंपनीचं म्हणणं होतं. कारण कुठलंही धरा, वीस वर्षं एकाच पद्धतीने काम केलेल्या माणसाला पंचेचाळिशीत नव्याने शिकावं लागतंय, आणि बाविशीतल्या मुलाला आत शिरायला दार अरुंद झालंय. आपल्या वयाचे लोक आणि आपली मुलं, दोघंही एकाच वेळी यात सापडलोय.

यावर कोणी म्हणेल की शहरातली, इंग्रजी शाळेतली मुलं तगतील, आपल्या मुलांचं काय? मला इथे थोडं वेगळं दिसतं, आणि त्यासाठी बारामतीचं उदाहरण घेते. आपल्यापासून काही फार लांब नाही. तिथल्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या सहकार्याने उसावर एआयचा प्रयोग सुरू केला. शेतात हवामान केंद्र, मातीत ओलावा आणि अन्नद्रव्यं मोजणारी उपकरणं, वरून उपग्रहाची छायाचित्रं. हे सगळं एकत्र करून शेतकऱ्याला मोबाइलवर मराठीत सांगायचं की आज पाणी दे किंवा देऊ नको, अमुक कोपऱ्यात खत कमी पडतंय, तमुक ठिकाणी रोगाची शक्यता आहे. सुमारे एक हजार शेतकऱ्यांपासून सुरुवात झाली. 2025 मध्ये मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नडेला यांनी जगासमोर या उसाचं उदाहरण दिलं. त्याच वर्षी जूनमध्ये राज्य सरकारने शेतीतल्या एआयसाठी महाॲग्री-एआय हे धोरण मंजूर केलं.

आता विचार करा, अशी यंत्रणा बरोबर चालायला काय लागतं? उपग्रहाला शेत हिरवं दिसतं. पण ते हिरवं ऊस आहे की तण, लागण आहे की खोडवा, हे शेतात जाऊन कोणीतरी सांगावं लागतं. पाडेगावचं ऊस संशोधन केंद्र 1932 पासून याच मातीत काम करतंय. तिथून आलेला को 86032, म्हणजे 'नीरा', आपल्याकडे बांधाबांधाला आहे. त्याची पाण्याची गरज, फुटवे कधी येतात, तुरा कधी येतो, हे ज्याला माहीत आहे तोच एआयला म्हणू शकतो, "हे तुझं उत्तर चुकलं." करमाळ्याच्या मुलीने जे केलं तेच हे. एआयने लिहिण्याचं काम घेतलं, तेव्हा विषय माहीत असण्याची किंमत वाढली. आणि ऊस, दूध, डाळिंब, सोसायटी, कालव्याच्या पाण्याची पाळी, हे विषय आपल्या मुलांना जन्मापासून माहीत आहेत. हे ज्ञान आहे, असं त्यांना कोणी कधी सांगितलं नाही, इतकंच.

म्हणून आता थोडं कामाचं बोलते.

पालकांना आधी सांगते. सहा महिन्यांत एआय तज्ज्ञ बनवणाऱ्या जाहिरातींसाठी कर्ज काढू नका. त्या कोर्समध्ये जी साधनं शिकवतात ती कोर्स संपेपर्यंत बदललेली असतात. मुलाला संगणक इंजिनिअर व्हायचं असेल तर जरूर होऊ द्या, क्षेत्र बुडालेलं नाही. पण 'डिग्री मिळाली की कंपनी घेईल आणि मग शिकवेल' हा जो करार आमच्या वेळी होता, तो आता गृहीत धरू नका. शिकण्याचं बरंचसं काम कॉलेजातच, स्वतः करावं लागेल. आणि इंजिनिअरिंगखेरीज शेती, साखर तंत्रज्ञान, हिशेब, आरोग्य, यांपैकी ज्या विषयात त्याला गोडी आहे तो खोलवर शिकून त्यात संगणक वापरणारा माणूस उद्या जास्त उपयोगी ठरेल, असं माझं स्पष्ट मत आहे.

विद्यार्थ्यांना. एआय वापरा. लाजू नका आणि घाबरूही नका. पण आधी स्वतः सोडवून बघा, मग त्याला विचारा, मग त्याच्या उत्तरात चूक शोधा. चूक सापडली की त्या दिवशी तुम्ही शिकलात. उत्तर नुसतं उतरवून काढलं तर शिकला तो एआय, तुम्ही नाही.

शिक्षकांना मी काय सांगणार! पण एक गोष्ट तुमच्यासमोर मान्य करायची आहे. आपले गणिताचे सर उत्तर बरोबर असलं तरी निम्मे गुण कापायचे आणि वहीवर लाल शाईत लिहायचे, "पायऱ्या गाळू नका." आम्हाला तो अन्याय वाटायचा. उत्तर आलंय ना, मग? आज माझ्या हाताखालच्या मुलांना मी रोज तेच सांगते. एआय एका क्षणात उत्तर देतं. त्या उत्तरापर्यंत पोहोचण्याच्या पायऱ्या ज्याला मांडता येतात तोच ते तपासू शकतो. तसंच मराठीच्या बाईंचं. "वाक्य असं लिही की वाचणाऱ्याला परत विचारावं लागू नये," हे त्यांचं म्हणणं होतं. आता एआयला काम सांगायचं ते वाक्यातच सांगावं लागतं. ज्याला नेमकं वाक्य लिहिता येत नाही त्याला नेमकं काम करून घेता येत नाही. तेव्हा गणिताच्या पायऱ्या आणि मराठीचा निबंध या दोन गोष्टी कृपा करून सोडू नका. नवीन विषय येतील, त्यांच्यासाठी तास कुठून काढायचे तेही तुम्ही ठरवाल. पण या दोन तासांतून काढू नका.

आणि शेवटी आपल्या बॅचला. मेळाव्यात आपण शाळेला काहीतरी भेट देतो. या वेळी संगणकांची चर्चा चालू आहे, ती चांगलीच आहे. पण मला वाटतं यंत्रापेक्षा आपला वेळ जास्त उपयोगी पडेल. कंपन्यांनी पहिली पायरी अरुंद केली असेल तर तशी एखादी पायरी आपण इथे बांधू शकतो. आपल्या बॅचमध्ये सॉफ्टवेअरवाले आहेत, बँकेत आहेत, कारखान्याच्या लॅबमध्ये आहेत, दुधाच्या धंद्यात आहेत, द्राक्ष-डाळिंबाचे बागायतदार आहेत. दर महिन्याला एका शनिवारी दोन तास. नववी-दहावीच्या मुलांसमोर एक खरं काम ठेवायचं. आपल्याच गावातलं. दूध डेअरीचा दहा दिवसांचा हिशेब, एका शेताचं पाण्याचं वेळापत्रक, उसाच्या टनेजचा अंदाज. मुलांनी ते आधी स्वतः करायचं, मग एआयकडून करून घ्यायचं, आणि मग ज्याला तो धंदा माहीत आहे अशा आपल्यापैकी एकाने समोर बसून दोन्ही तपासायचं. कुठे चुकलं, का चुकलं, हे बोलायचं. जुन्या पॅनमनने नव्या पोराला शेजारी उभं करून पट्टीवरचा दाणा दाखवावा, तितकंच हे साधं आहे.

मुख्याध्यापकांशी मी बोलले आहे, त्यांनी परवानगी दिली आहे. पहिला शनिवार मी घेते, पीककर्जाच्या मुदतीवर. बाकीच्या अकरा महिन्यांसाठी बाहेर चहाच्या टेबलाजवळ एक वही ठेवली आहे. जेवायला जाण्याआधी तिच्यात आपलं नाव, आपला विषय आणि जमेल तो महिना लिहा. व्हॉट्सॲपवर अंगठा दाखवून चालणार नाही, वहीतच लिहायचंय.